अठरा विजय आणि एक पराजय

टीकेचा विषय कोणता असावा यासंबंधीं आपल्याकडे एक संकेत रूढ आहे. काव्य, नाटक, कादंबरी, फार झालें तर चित्र, गायन व नृत्य, एवढ्या कुंपणाच्या आंत टीकाकारानें रहावें. त्यापलीकडे तो गेला तर बातमीदाराच्या प्रांतांत त्यानें घुसखोरी केली असें समजावें, असा तो संकेत आहे. तो सर्वस्वीं निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घटनेस आरंभ, मध्य व अंत आहे, जींत नायक व प्रतिनायक आहेत, जी लक्षावधि माणसें महिनेच्या महिने उत्कंठेनें पाहतात, आणि जिच्या अखेरीस कांहींच्या डोळ्यांत आनंदाश्रु तर कांहींच्या डोळ्यांत दुःखाश्रु उभे राहतात, ती घटना नाट्य आहे कीं नाहीं, एवढा प्रश्न तरी टीकाकारानें स्वतःस विचारावयास हवा.

प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील ‘न्यू इंग्लंड पेट्रियट्स’ या धंदेवाईक फुटबॉल-संघाच्या २००७ सालच्या हंगामाचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे. त्या हंगामांत या संघानें ओळीनें अठरा सामने जिंकले आणि एकोणिसावा, म्हणजे अखेरचा, तीन गुणांनीं गमावला. त्यास आज इतकीं वर्षें लोटलीं, तरी ते अठरा विजय सहसा कोणास आठवत नाहींत. आठवतो तो एक पराजय. एवढ्या दीर्घ कृतीचें मूल्य तिच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांनीं ठरावें हें योग्य कीं अयोग्य, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. आणि तो केवळ खेळापुरता नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

प्रथम खेळाचा थोडा परिचय करून देणें अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉल हा नांवापुरताच फुटबॉल. चेंडू लांबट असतो आणि पायापेक्षां हाताचेंच काम त्यांत अधिक. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन पक्ष १०० यार्डांच्या मैदानावर झुंजतात. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार संधी मिळतात. तेवढें अंतर कापलें तर नव्या चार संधी, न कापलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे ‘टचडाउन’ होतो व त्याचे सहा गुण मिळतात. त्यावर लाथेनें आणखी एक मिळवितां येतो. दुरूनच चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला तर तीन गुण. चढाई करणाऱ्या पक्षाचा खरा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो आणि तो कोणाकडे फेंकावयाचा याचा निर्णय त्यास दोन-तीन सेकंदांत करावा लागतो. तेवढा वेळ त्यास मिळावा म्हणून त्याच्यापुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ही भिंत फुटली म्हणजे जगांतील सर्वोत्तम सूत्रधारहि निरुपाय होतो. ही एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण आमच्या कथेचें मर्म तींतच आहे.

या खेळाची मुख्य संस्था ‘नॅशनल फुटबॉल लीग’. तींत ३२ संघ असून त्या काळीं प्रत्येकास हंगामांत १६ सामने खेळावे लागत; २०२१ पासून ते १७ झाले आहेत. त्यानंतर निवडक संघांच्या बाद-फेऱ्या आणि शेवटीं ‘सुपर बोल’ हा निर्णायक सामना. या संस्थेचे नियमच असे आहेत कीं कोणी एकानें फार वर चढूं नये. जो संघ तळाशीं राहील त्यास पुढील वर्षीं महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळते. आणि खेळाडूंच्या वेतनावर कोणीं किती खर्च करावा याचीहि कमाल मर्यादा १९९४ पासून ठरलेली आहे. तेव्हां एकहि सामना न हरतां संपूर्ण हंगाम पार पाडणें म्हणजे केवळ प्रतिस्पर्ध्यांशींच नव्हे, तर संस्थेच्या घटनेशींच झगडणें होय. हें पूर्वीं एकदांच साधलें होतें: १९७२ च्या हंगामांत ‘मायामी डॉल्फिन्स’ या संघानें सतरा सामने खेळून सतराहि जिंकले होते.

आतां मूळ कथेकडे वळूं. आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं कार्याच्या पांच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. फळाची उत्सुकता हा आरंभ. त्यासाठीं धडपड हा प्रयत्न. उपाय व अपाय दोन्ही दिसत असतां वाटणारी साशंक आशा ही प्राप्त्याशा. विघ्नें दूर होऊन फळ निश्चित दिसूं लागणें ही नियताप्ति. आणि फळ हातीं येणें हा फलागम. पेट्रियट्सचा हा हंगाम या मापानें मोजूं गेल्यास पहिल्या चार अवस्था एखाद्या कुशल नाटककारानें आंखून द्याव्या तशा आढळतात.

या संघानें त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत तीन अजिंक्यपदें मिळविलीं होतीं. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक हा अबोल, हिशेबी आणि कठोर शिस्तीचा गृहस्थ. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी हा २००० सालच्या निवडींत १९९ व्या क्रमांकावर उचललेला, म्हणजे ज्याच्यावर कोणाची फारशी भिस्त नव्हती असा खेळाडू. २००७ च्या जानेवारींत इंडियानापोलिस येथें २१ विरुद्ध ३ अशी आघाडी घेऊनहि हा संघ उपांत्य सामना ३८-३४ असा हरला होता. त्या पराजयाचें शल्य मनांत ठेवून रँडी मॉस व वेस वेल्कर हे दोन चेंडू झेलणारे खेळाडू संघांत आणले गेले. हा आरंभ.

परंतु आरंभाबरोबरच या कथेंत एक अशुभ बीजहि पडलें. ९ सप्टेंबर २००७ रोजीं न्यूयॉर्क जेट्स या संघाविरुद्ध पहिला सामना चालला असतां पेट्रियट्सचा एक नोकर प्रतिपक्षाच्या खुणांचें चित्रण करतांना पकडला गेला. मैदानाच्या कडेवरून असें चित्रण करण्यास नियमानें मनाई होती. चारच दिवसांत संस्थेनें बेलिचिकला पांच लक्ष डॉलर व संघास अडीच लक्ष डॉलर दंड केला आणि पुढील वर्षींची संघाची पहिली निवड काढून घेतली. सामना ३८-१४ असा जिंकलेला. पण त्या दिवसापासून या संघाच्या प्रत्येक विजयाकडे इतरेजन संशयानें पाहूं लागले.

याचें उत्तर संघानें मैदानावर दिलें, आणि तें उत्तर जवळजवळ क्रौर्याच्या सीमेस पोंचणारें होतें. पहिल्या आठ सामन्यांपैकीं एकाहि सामन्यांत त्यांचे ३४ हून कमी गुण झाले नाहींत, आणि एकहि विजय १७ हून कमी गुणांच्या अंतरानें मिळाला नाहीं. २८ ऑक्टोबर रोजीं वॉशिंग्टनच्या संघाचा त्यांनीं ५२-७ असा धुव्वा उडविला. विजय निश्चित झाल्यावरहि गुणांची लूट चालूच ठेविली, हें सभ्यपणास सोडून झालें, अशी ओरड झाली. हा प्रयत्न.

त्यानंतर प्राप्त्याशा. ४ नोव्हेंबर रोजीं इंडियानापोलिस येथेंच शेवटच्या भागांत दहा गुणांनीं मागें असतांना त्यांनीं सामना फिरवून २४-२० असा जिंकला. बफेलोचा ५६-१० असा फडशा पाडला. पण लगेच फिलाडेल्फियाविरुद्ध ३१-२८ आणि बाल्टिमोरविरुद्ध २७-२४, असे दोन निसटते विजय आले. बाल्टिमोर येथें तर चौथ्या संधींत पेट्रियट्सला प्रतिपक्षानें अडविलेंच होतें; परंतु त्यांच्याच एका प्रशिक्षकानें क्षणभर आधीं खेळ थांबविण्याची मागणी केल्यामुळें तें अडविणें फुकट गेलें. जो रसिक लक्षपूर्वक पाहत होता त्यास भिंतींतील भेग येथेंच दिसली असावी.

२९ डिसेंबर रोजीं न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध नियमित हंगामाचा शेवटचा सामना झाला. एके वेळीं २८-१६ असे मागें पडलेले पेट्रियट्स ३८-३५ असे जिंकले. त्या सामन्यांत ब्रेडीनें मॉसकडे फेंकलेल्या ६५ यार्डांच्या एकाच चेंडूनें दोन विक्रम मोडले: ब्रेडीचें तें हंगामांतील पन्नासावें टचडाउन आणि मॉसचें तेविसावें. सोळा सामन्यांत संघाचे ५८९ गुण झाले. तोंवर एवढे गुण कोणींहि केले नव्हते. पुढें बाद-फेरींत जॅक्सनव्हिलवर ३१-२० व सॅन डिएगोवर २१-१२ असे विजय मिळाले. अठरा सामने, अठरा विजय. नियताप्ति पूर्ण झाली. ‘एकोणीस-शून्य’ या शब्दांवर व्यापारी हक्क मिळावा म्हणून अंतिम सामन्यापूर्वींच अर्जहि करण्यांत आला होता!

येथें कथेचा दुसरा पक्ष सांगितला पाहिजे. अंतिम सामन्यांतील प्रतिस्पर्धी होते तेच न्यूयॉर्क जायंट्स. हंगामाच्या आरंभीं त्यांची स्थिति ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ अशी होती. पहिल्या दोन सामन्यांत डल्लस व ग्रीन बे या संघांनीं मिळून त्यांच्यावर ८० गुण चढविले. त्यांचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग हा पेटन मॅनिंगचा धाकटा भाऊ. थोरल्या भावानें आदल्याच वर्षीं अजिंक्यपद मिळविलेलें, आणि ब्रेडीनें जो ४९ टचडाउनांचा विक्रम मोडला तोहि त्याचाच. धाकट्यानें मात्र नोव्हेंबरांत मिनेसोटाविरुद्ध चार चेंडू शत्रूच्या हातीं दिलेले. असा हा संघ दहा विजय व सहा पराजय अशा बेतास बात पुंजीवर बाद-फेरींत शिरला, आणि तेथें टँपा बे, मग डल्लस, मग ग्रीन बे, या तिघांस त्यांच्या त्यांच्या मैदानावर हरवून पुढें आला. ज्या दोघांनीं आरंभीं लोळविलें त्याच दोघांचा शेवटीं परतफेडीनें पराभव, ही योजना एखाद्या नाटकांत आढळली असती तर ती फार बेतलेली आहे असा आक्षेप आम्हींच घेतला असता.

३ फेब्रुवारी २००८ रोजीं ॲरिझोना संस्थानांतील ग्लेंडेल येथें अंतिम सामना झाला. जाणत्यांचा अंदाज असा कीं पेट्रियट्स सुमारें बारा गुणांनीं जिंकतील. प्रत्यक्षांत तीन भाग संपले तेव्हां त्यांचे अवघे सात गुण होते व जायंट्सचे तीन. चौथ्या भागांत जायंट्स १०-७ असे पुढें गेले. २ मिनिटें ४२ सेकंद उरलीं असतां ब्रेडीनें मॉसकडे चेंडू देऊन १४-१० अशी आघाडी परत मिळविली. जायंट्सच्या अखेरच्या चढाईंत असांते सॅम्युएलच्या हातांतून एक चेंडू निसटला. तो त्यानें धरला असता तर कथा तेथेंच संपती. पुढल्याच खेपेस चार-दोन गडी अंगाशीं झोंबत असतां मॅनिंग कसाबसा निसटला आणि त्यानें चेंडू उंच भिरकावला. डेव्हिड टायरी या खेळाडूनें उडी मारून तो एका हातानें आपल्या शिरस्त्राणावर दाबून धरला, आणि रॉडनी हॅरिसन तो हिसकावीत असतांहि जमिनीवर पडेपर्यंत सोडला नाहीं. बत्तीस यार्ड मिळाले. ३५ सेकंद शिल्लक असतां प्लॅक्सिको बरेसनें टचडाउन केलें. १७-१४. घड्याळांत एक सेकंद उरला असतांच बेलिचिक मैदान सोडून निघून गेला.

या अंताचे दोन अर्थ लोकांनीं लाविले आहेत, आणि आमच्या मतें दोन्ही अपुरे आहेत.

पहिला अर्थ नीतिवाद्यांचा. यांनीं चोरून चित्रण केलें, दुर्बळांस निष्कारण चिरडलें, विजयापूर्वींच विजयाचा व्यापार मांडला. त्या पापाचें फळ त्यांस मिळालें. गर्वाचें घर खालीं झालें. हा अर्थ मनास गोड वाटतो, पण विचारापुढें टिकत नाहीं. अपराधाची शिक्षा सप्टेंबरांतच झाली होती, आणि तदनंतरचे सतरा विजय सर्वांच्या कडक पहाऱ्याखालीं मिळविलेले होते. शिवाय १९३४ सालीं ‘शिकागो बेअर्स’ हा संघहि तेराच्या तेरा सामने जिंकून अंतिम सामन्यांत याच जायंट्सकडून ३०-१३ असा हरला. बर्फाळ मैदानावर घसरूं नये म्हणून जायंट्सनीं मध्यंतरानंतर रबरी तळाचे जोडे घातले एवढेंच त्याचें कारण. तेथें कोणतें पाप होतें? आणि दैवानें जर ग्लेंडेल येथें न्याय केला, तर १ फेब्रुवारी २०१५ रोजीं त्याच क्रीडागारांत, त्याच बेलिचिकला व त्याच ब्रेडीला, सिॲटलविरुद्ध तशाच अखेरच्या क्षणीं २८-२४ असा विजय त्यानें कसा दिला? इतकी अल्प स्मरणशक्ति असलेल्या दैवास न्यायाधीश मानणें कठीण आहे. खरें असें आहे कीं बलाढ्याचा पाडाव पाहण्यांत आपणांस एक प्रकारचा आनंद होतो, आणि तो आनंद उघडपणें मान्य करण्याची लाज वाटते म्हणून आपण त्यास नीतीचें वस्त्र नेसवितों.

दुसरा अर्थ यदृच्छावाद्यांचा. टायरीचा तो झेल हा निव्वळ योगायोग; दहा वेळां तसा चेंडू फेंकला तर नऊ वेळां खालीं पडेल; सबब पेट्रियट्सच श्रेष्ठ, हरले ते नशिबानें. टायरीनें त्या नियमित हंगामांत अवघे चार चेंडू झेलले होते आणि ग्लेंडेलचा तो झेल त्याच्या धंद्यांतील अखेरचाच ठरला, ही गोष्ट या मतास पुष्टि देते. अशक्य पण संभाव्य वाटणारें कथानक हें शक्य पण असंभाव्य कथानकापेक्षां बरें, असा ॲरिस्टॉटलचा प्रसिद्ध अभिप्राय आहे. त्या दृष्टीनें पाहतां टायरीचा झेल हा कलादोषच म्हटला पाहिजे. कोणत्याहि नाटककारास तो लिहिण्याचें धाडस झालें नसतें. परंतु योगायोगावर बोट ठेवणारे एक गोष्ट विसरतात. जो संघ नियमित हंगामांत प्रत्येक सामन्यांत सरासरीनें ३६ हून अधिक गुण करीत आला होता, त्याचे त्या दिवशीं चौदाच कां झाले? हा कांहीं एका झेलाचा परिणाम नव्हे. झेलाची वेळ येईपर्यंत साडेअठ्ठावन मिनिटांहून अधिक खेळ होऊन गेला होता.

त्याचें उत्तर त्या पांच जणांच्या भिंतींत आहे. संपूर्ण नियमित हंगामांत, म्हणजे सोळा सामन्यांत, ब्रेडीला चेंडूसह २१ वेळां पाडण्यांत आलें होतें; या एका सामन्यांत पांच वेळां. जायंट्सचे पुढचे चारच गडी भिंत फोडीत होते, त्यामुळें उरलेले सात जण मॉस व वेल्कर यांच्या पाळतीवर राहूं शकले. हें धैर्य त्यांच्यांत आलें कोठून? आमच्या मतें २९ डिसेंबरच्या पराजयांतून. त्या दिवशीं जायंट्सला मिळवावयाचें कांहींच नव्हतें. बाद-फेरींतील त्यांचें स्थान आधींच निश्चित झालें होतें. अशा वेळीं मुख्य खेळाडूंस विश्रांति द्यावी असा व्यवहार आहे. त्यांचा प्रशिक्षक टॉम कॉफलिन यानें तो मानला नाहीं. सर्व बळानिशीं तो लढला आणि तीन गुणांनीं हरला. परंतु त्या हरण्यांत त्याच्या संघास एक ज्ञान झालें: हे अजिंक्य म्हणविणारे आपल्याच मापाचे आहेत. ग्रीक नाटकाच्या परिभाषेंत ज्यास प्रत्यभिज्ञा म्हणतात ती येथें पराभूत पक्षास झाली, विजयी पक्षास झाली नाहीं. कथानकाचा खरा सांधा हा आहे. टायरीचा झेल हें केवळ त्यावरील नक्षीकाम.

आणि नायकाचा प्रमाद? ॲरिस्टॉटलनें वापरलेल्या शब्दाचा अर्थ आमच्या वर्गांतून पुष्कळदां ‘नैतिक दोष’ असा सांगितला जातो. तो बरोबर नाहीं. नेम चुकणें एवढाच त्याचा मूळ भाव आहे. तिसऱ्या भागांत पेट्रियट्स ७-३ असे पुढें असतां चौथी संधी व तेरा यार्ड बाकी, असा प्रसंग आला. चेंडू जायंट्सच्या ३१ व्या यार्डावर होता. लाथेनें तीन गुण मिळविण्याचा यत्न करणें शक्य होतें. अंतर लांबचें, पण आवांक्याबाहेरचें नव्हे. बेलिचिकनें तें नाकारून तेरा यार्डांचा डाव टाकला आणि तो फसला. सामना तीन गुणांनीं गेला. तो यत्न सफल झालाच असता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पण हा निर्णय गर्वाचा नव्हता, संवयीचा होता. अठरा आठवडे ज्यानें जेवढें मागितलें तेवढें घेतलें, त्यास थोडक्यांत समाधान मानण्याची बुद्धि होत नाहीं. ज्या गुणानें तो चढला त्याच गुणानें तो चुकला. आणि उत्तम शोकपर्यवसायी नाटकाचें याहून नेमकें लक्षण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथेंच खेळ आणि नाटक यांतील एक मूलभूत भेद स्पष्ट होतो. नाटकांत नायक एकच. कवीनें कोणाच्या बाजूनें पहावयाचें तें आधींच ठरविलेलें असतें. भासानें ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाच्या बाजूनें पाहिलें म्हणून तीच गदायुद्धाची घटना करुणरसानें भरून गेली, भीमाच्या बाजूनें पाहणाऱ्यास ती वीररसाची वाटली असती. खेळांत हे दोन्ही नाटककार एकाच वेळीं लेखणी चालवीत असतात. जायंट्सच्या बाजूनें पाहिलें तर त्या हंगामांत पांचहि अवस्था पूर्ण होतात आणि आपल्या शास्त्राप्रमाणें फलागमानें शेवट गोड होतो. पेट्रियट्सच्या बाजूनें पाहिलें तर तोच शेवट ग्रीक पद्धतीचा. एकाच क्षणीं एकाच कृतींतून दोन विरुद्ध रस निष्पन्न व्हावे, हें वैशिष्ट्य दुसऱ्या कोणत्याहि कलेंत आम्हांस दिसत नाहीं. म्हणूनच खेळाच्या टीकाकारानें दोन्ही बाजूंनीं पाहिलें पाहिजे. जो एकाच बाजूनें पाहतो तो अर्धेंच नाटक पाहतो.

१९७२ च्या मायामी संघाशीं तुलना केल्यास हा विचार अधिक दृढ होतो. त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पांचव्या सामन्यांत पाय मोडून बाहेर पडला. ३८ वर्षांच्या अर्ल मोरॉलनें त्याची जागा घेऊन हंगाम तारला. अंतिम सामन्यांत १४-० अशी आघाडी असतां गारो येप्रेमियन या लाथ मारणाऱ्या खेळाडूचा चेंडू अडला, तो त्यानें हातानें फेंकण्याचा विचित्र यत्न केला आणि चेंडू निसटून प्रतिपक्षानें टचडाउन केलें. शेवट १४-७ असा झाला म्हणून तो प्रसंग विदूषकाचा ठरला. सामना हातचा गेला असता तर तोच प्रसंग भयानक ठरता. म्हणजे ‘निर्दोष’ म्हणून गाजलेल्या हंगामांतहि दोष होताच. फरक एवढाच कीं त्या दिवशीं दोषास क्षमा मिळाली. याच मायामी संघाची २००७ सालीं पंधरा पराजय व एक विजय अशी दैना झाली होती, हेंहि दैवाचें एक विनोदी टिप्पण समजावें. निर्दोष काव्य संभवतें, कारण कवीस ओळ खोडतां येते. हंगामांत खोडाखोड नाहीं. त्यांत निर्दोषपणा हा आकड्याचा असतो, कृतीचा नसतो.

मात्र या तुलनेसहि एक मर्यादा आहे. त्या पेट्रियट्स संघांत ज्युनियर सेआउ नांवाचा एक वयस्क खेळाडू होता. १९९५ च्या जानेवारींत सॅन डिएगोकडून खेळतांना त्याचें अजिंक्यपद हुकलें होतें. निवृत्ति जाहीर करूनहि तो परत आला, आणि ग्लेंडेल येथें तें पद पुन्हां एकदां त्याच्या हातून निसटलें. २०१२ सालीं, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं, त्यानें स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. डोक्यास वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशीं ज्याचा संबंध जोडला जातो असा मेंदूचा विकार त्याला जडला होता, असें पुढील वर्षीं तज्ज्ञांच्या तपासणींत आढळून आलें. एका मनुष्याच्या मृत्यूचें एकच कारण सांगण्याचा अधिकार टीकाकारास नाहीं. परंतु ज्या भिंतीच्या फुटण्याचें वर्णन आम्हीं वर रसिकतेनें केलें ती भिंत हाडामांसाची होती, एवढें भान ठेवणें त्याचें कर्तव्य आहे. रंगभूमीवरील दुर्योधन पडदा पडल्यावर उठून घरीं जातो. म्हणून १७-१४ या आकड्यास ‘शोकांतिका’ म्हणतांना तो शब्द आपण उसना वापरीत आहों हें विसरूं नये. या कथेंत त्याचा खरा धनी सेआउ आहे.

आतां मूळ प्रश्न. शेवटास सर्व कृतीचें मूल्य ठरविण्याचा अधिकार आहे काय? स्पर्धेच्या दृष्टीनें आहे. अजिंक्यपद जायंट्सनीं मिळविलें आणि तें योग्य रीतीनें मिळविलें, यांत संशय नाहीं. परंतु स्पर्धेचा निकाल आणि कृतीचें मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमच्या परीक्षापद्धतीनें हा भेद पुसून टाकला आहे. वर्षभर मन लावून वाचणारा विद्यार्थी एका दुपारच्या एका प्रश्नपत्रिकेंत अडखळला कीं तो घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या दृष्टीनें ‘नापास’ एवढाच उरतो; त्याच्या वाचनाचें, त्याच्या समजुतीचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. घराघरांतून हा हिशेब चालतो आणि त्याची किंमत मुलें मोजतात. अमेरिकेंतील कोट्यधीश खेळाडूंची कींव करण्याचें आपणांस कारण नाहीं. पण त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची रीत आपल्याच घरांतील रीतीचें मोठें केलेलें चित्र आहे.

आमचा निर्णय असा. कृति या नात्यानें या हंगामांत दोष आहेत: आरंभींचें तें नियमभंगाचें लांछन, मध्यभागींचें निर्दय व म्हणून कंटाळवाणें झालेलें विजयांचें पाल्हाळ, आणि शेवटापूर्वींचा तो बाजारीपणा. तथापि आठ सामन्यांतील तें अप्रतिहत सामर्थ्य, नोव्हेंबर-डिसेंबरांतील हळूहळू उघडी पडत गेलेली भेग, आणि एका निरर्थक वाटणाऱ्या पराजयांतून प्रतिपक्षास झालेला स्वसामर्थ्याचा बोध, या तिहींची गुंफण अशी घट्ट आहे कीं शेवट बदलला असता तर हंगाम अधिक यशस्वी झाला असता, अधिक अर्थपूर्ण झाला असता असें नाहीं. ब्रेडीचे पन्नास व संघाचे ५८९ हे दोन्ही विक्रम डेन्व्हरच्या संघानें २०१३ सालीं मोडले. मॉसचे तेवीस अद्याप अबाधित आहेत. विक्रम मोडण्यासाठींच असतात. परंतु ते अठरा सामने खेळले गेले, जिंकले गेले, आणि एकोणिसाव्यानें त्यांतील एकहि परत घेतलेला नाहीं. रसिकानें हंगाम पहावयाचा तो पहिल्या सामन्यापासून पहावा, आणि विद्यार्थ्यास विचारावयाचें तें निकालापूर्वीं त्यानें काय वाचलें तें आधीं विचारावें.